विहारातला लोखंडी पलंग

गोंदिया जिल्ह्यात केशोरीच्या पुढे, जंगलाला लागून आमचं गाव आहे. माझं माहेर आणि सासर तिथंच, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. मी ब्लाऊज शिवते. बारावीपर्यंत शिकलेली म्हणून गावातल्या बायकांनी आमच्या छोट्या संस्थेची सचिव मला केलं. संस्था म्हणजे आम्ही सात-आठ जणी आणि बुद्धविहाराची मागची खोली.

गोंदियातल्या काही डॉक्टरांनी, व्यापाऱ्यांनी आणि निवृत्त नोकरदारांनी मिळून एक निधी उभा केला होता. खेड्यांतल्या लहान संस्थांना, त्यांनीच सुचवलेल्या कामासाठी, त्यातून दरवर्षी अनुदान मिळायचं. तालुक्याच्या गावी, अर्जुनीला एका बैठकीत ही गोष्ट कानावर आली आणि आम्ही विहारात जमलो. बहुतेकींना लग्नाची मोठी भांडी आणि मंडप हवा होता. भाड्यानं देता आला असता. सगळ्या ज्यांना मावशी म्हणायचो, त्या मात्र म्हणाल्या, "पलंग मागा. दवाखान्यात असते तसा, डोक्याकडून वर होणारा. ज्याच्या घरी माणूस पडून राहिला, त्यानं न्यावा."

"पलंगाचं काय करता मावशी? भांडी रोज लागते," एक जण बोलली.

"लग्न एका दिवसाचं राहते. लकवा वर्षभर राहते." मावशी एवढंच म्हणाल्या. त्यांच्या नवऱ्याची अखेर आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. मग भांड्यांचा विषय कोणी काढला नाही.

पलंगासाठी अर्ज केला आणि निधीवाल्यांनी बोलावलं तेव्हा मुलाखतीला मी आणि मावशी गोंदियाला गेलो. टेबलापलीकडच्या एका गृहस्थांनी हिंदीत विचारलं, "पलंग ही क्यों?" मी तयारी करून गेले होते, पण मावशी आधी बोलल्या. "मालकाले लकवा मारला होता. भुईवर पडून राहिले. पाठीले जखमा झाल्या, त्यात किडे पडले. मी एकटी किती उचलू?" त्या गृहस्थांनी आमचा अर्ज बाजूला ठेवला. आमच्यासाठी चहा मागवला.

अनुदान मंजूर झालं. एक पलंग, हवेची गादी आणि चाकाची खुर्ची टेम्पोतून गावात उतरली, तेव्हा पलंगाचं हँडल फिरवून पाहायला अर्धं गाव जमलं होतं.

पहिल्यांदा पलंग गेला तो एका म्हाताऱ्या बाईसाठी. ती थोड्याच दिवसांत त्याच्यावरच वारली. पलंग धुऊन विहारात परत आला आणि तिथंच उभा राहिला. कोणी मागेना. गावात लोक त्याला मरणाचा पलंग म्हणू लागले. मांडीचं हाड मोडलेला एक माणूस घोंगडीवर विव्हळत पडला, पण त्याच्या घरच्यांनी पलंग नाकारला. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून अंधश्रद्धेवर बोलणाऱ्या घरांतसुद्धा हीच कुजबुज होती. आमच्यातली एक जण म्हणाली, "परत देऊन टाकू. निधीवाले पाहाले आले तं का दाखवू?"

त्याच सुमारास माझ्या बाबांचा दम वाढला. त्यांनी जन्मभर जंगल खात्यात रोजंदारी केली होती. वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्यात गवताचा पट्टा आधीच जाळून जाळरेषा काढायची, धुरात उभं राहायचं. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं संपत आली आहेत, आडवं झोपवू नका. मग बाबा भिंतीशी धानाच्या पोत्यांना टेकून बसत. मान एका बाजूला कलंडायची आणि दचकून जाग यायची. आई शेजारी बसून त्यांचं डोकं धरायची.

मी पलंगाचं नाव काढलं. बाबा म्हणाले, "मले मारून राहिली का?"  मलाही मनातून भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. बाबांच्या समोर जमिनीवर बसल्या.

"काऊन नाई म्हणता भाऊ?"

"त्या पलंगावर बाई मेली."

"माहे मालक भुईवर मेले. मंग भुईवर झोपाचं सोडून देता का तुमी?"

 बाबांना खोकल्याची उबळ आली, ती ओसरली. मग आईकडे वळून म्हणाले, "आणा मंग."

पलंग दारासमोर लावला. डोक्याकडची बाजू वर केली तेव्हा बाबांना कितीतरी दिवसांनी अंगण, त्यापलीकडची धानाची बांधी आणि जंगलाची कड दिसली. त्या दुपारी ते गाढ झोपले. आईसुद्धा पलंगाच्या पायाशी झोपली. दोघांना असं निवांत झोपलेलं पाहून मी चुलीमागे जाऊन रडले.

धान कापणी होऊन बांध्या रिकाम्या झाल्या तोवर बाबा राहिले. एका सकाळी आई चहा घेऊन गेली आणि ते उठले नाहीत.

तिसऱ्या दिवशी घरात पाहुणे असताना जंगलाकडच्या टोलीवरचा, त्या लहानशा वस्तीतला एक गोंड माणूस ट्रॅक्टर घेऊन आला. दारात उभं राहून त्यानं विचारलं, "पलंग मोकळा झाला का?" माझा काका उठून त्याच्यावर धावला. "लाज नाई वाटत का रे?" तो माणूस मागे सरला, पण गेला नाही. हळू आवाजात म्हणाला, "बायको पाला तोडाले मोहाच्या झाडावर चढली, तं पडली. कंबर हालत नाई. जमिनीवरून उचलतो तं ओरडते."

 मी आईकडे पाहिलं. ती उठली. गादीवरची बाबांची चादर तिनं काढली, घडी करून बाजूला ठेवली. मला म्हणाली, "पाणी गरम कर." फिनेल टाकून आम्ही दोघींनी पलंग धुतला. गादी उन्हात टाकली. काका तोंड फिरवून बसला होता. थोड्या वेळानं तोही उठला आणि एक बाजू धरून पलंग ट्रॅक्टरवर चढवू लागला.

निघताना आईनं त्या माणसाला थांबवलं. "हँडल जरा अडकते. जोर नोको लावू, हळू फिरव. आणि तिचं तोंड दाराकडे ठेव. माणसाले बाहेरचं दिसलं पाहिजे."

त्यानं मान हलवली. ट्रॅक्टर बांध्यांमधल्या वाटेनं गेला. आई आत आली, आणि पलंगाच्या जागेवर झाडू मारू लागली.