शिडीभाऊ ताठ उभे राहतात

पडद्यांच्या दुकानात कामाला असलेल्या त्या गृहस्थांना सगळे शिडीभाऊ म्हणत. लोकांच्या घरी जाऊन खिडकीच्या वर दांडा ठोकायचा आणि त्यावर पडदे अडकवायचे हे त्यांचं काम, आणि त्यासाठी त्यांना शिडी लागत नसे. टाचा उचलल्या की काम भागायचं. दुकानाचे मालक नव्या गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगायचे, "आमच्या माणसाला शिडी नको, स्टूल नको. तुमचा पंखा तेवढा बंद ठेवा."

पण कामावर जी उंची कौतुकाची, ती बाकी सगळीकडे अपराधाची. शाळेच्या फोटोत ते मागच्या रांगेच्या टोकाला असत, आणि तरी हनुवटीच्या वरचं काही फोटोत येत नसे. थिएटरात भिंतीला लागून असलेली शेवटची रांग त्यांची. कुणी काही बोलायच्या आतच वाकायचं, ही सवय त्यांना इतकी जडली होती की रस्त्यात ओळखीचा माणूस भेटला तर त्याच्या उंचीला येऊनच ते "काय, बरं आहे ना?" विचारत. बायको त्यांच्या छातीलासुद्धा धड पोचत नव्हती, पण तिला ते मुळीच खपत नसे. "माझ्याशी बोलताना वाकू नका हो," ती म्हणायची, "विहिरीत कोण पडलंय ते बघताय असं वाटतं."

बायको सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसे. रोज सकाळी शंभर माणसं एकाच वेळी बोलत असताना "एकेकानं बोला" असं ती एकदाच म्हणे आणि माणसं खरोखर एकेकानं बोलत. त्यामुळे घरात काय ते तिनं बोलायचं आणि शिडीभाऊंनी वाकून ऐकायचं, असं बरीच वर्षं सुरळीत चाललं होतं.

शिडीभाऊंना नाद म्हणावा असा एकच होता. कॉलेजात असताना मित्राच्या खोलीवर त्यांनी एका रॉक बँडची कॅसेट ऐकली आणि ते कायमचे त्या बँडचे झाले. गाण्यांतले निम्मे शब्द त्यांना कळत नसत. उरलेले निम्मे त्यांनी आपल्या मनानं बसवले होते. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं म्हणजे तर जीव की प्राण. त्या गाण्यात ड्रम धडाडत असताना, गिटार किंचाळत असताना मध्येच सगळं थांबे. वीज गेल्यासारखं. आणि ऐकणाऱ्याचा जीव आता घुसमटतोय अशा बेताला सगळेच्या सगळे एका क्षणी पुन्हा सुरू होत.

"पण खूण कोण करतं?" हा शिडीभाऊंचा प्रश्न होता. मित्र म्हणे, गायक पाय आपटतो. शिडीभाऊ म्हणत, छट्, ड्रमवाला डोळा मारत असणार. पुढे त्याच मित्राच्या बहिणीशी शिडीभाऊंचं लग्न झालं, मित्राचा मेहुणा झाला, दोघांचे केस पिकले, तरी वाद मिटला नाही. व्हिडिओ बघावेत तर त्या जागी कॅमेरा नेमका गायकाच्या मिटलेल्या डोळ्यांवर. एकदा समोर उभं राहून ते गाणं नुसतं बघायचं, एवढीच शिडीभाऊंची इच्छा होती. ऐकायचं राहिलं नव्हतं.

आणि मग तो बँड शहराच्या स्टेडियममध्ये आला. शेवटचा दौरा. बँडातली माणसं आता आजोबा झाली होती, पुन्हा येण्याची शक्यता नव्हती. शिडीभाऊंनी दोन तिकिटं काढली, तीसुद्धा मैदानात स्टेजसमोर उभं राहण्याची. पण ऐन वेळी मेहुण्याचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. पलंगावरून त्यानं शिडीभाऊंचा हात धरला. "दाजी, मी मेलो तरी चालेल, पण खूण बघून या."

"मरायला काय झालंय तुला, टाके तर पडलेत चार," बहीण म्हणाली आणि दुसरं तिकीट तिनं आपल्या पर्समध्ये टाकलं. शिडीभाऊ बघतच राहिले. "बघताय काय? तिकीट वाया जाण्यापेक्षा कान वाया गेलेले परवडले."

स्टेडियममध्ये शिरताना तिनं कानात कापसाचे बोळे घातले आणि आजूबाजूला नजर टाकली. सगळीकडे काळे टी-शर्ट घातलेली माणसं, आणि बहुतेक टी-शर्टांना पोट आवरत नव्हतं. "अहो, ही सगळी माझ्या खिडकीवरचीच गर्दी दिसतेय," ती म्हणाली. "निम्मे गुडघे, निम्मे बीपी."

दिवे गेले. पहिला ड्रम वाजला तो कानात नाही, थेट छातीत वाजला. पन्नास हजार माणसं ओरडली आणि शिडीभाऊ जन्माची सवय विसरून सरळ उभे राहिले. पूर्ण.

"ओ टॉवर!" मागून लगेच आवाज आला.

"काका, डोक्यावर लाल दिवा तरी लावा. विमान आपटेल!"

"पैसे देऊन आलोय हो आम्ही, तुमची पाठ बघायला नाही!"

शिडीभाऊ चाकू मिटावा तसे मिटले. पण बायको गर्रकन वळली. मागे एक जाड चष्म्याचे गृहस्थ होते, त्यांच्या शेजारी निळे केस रंगवलेली एक मुलगी आणि त्यांच्याही मागे बरीच नाराज मंडळी.

"एकेकानं बोला," बायको म्हणाली.

ते आपोआप एकेकानं बोलले. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "हे असं करू. बाकी सगळ्या गाण्यांना हे वाकून राहतील. एका गाण्याला सरळ उभे राहतील. तेव्हा कुणी चकार शब्द काढायचा नाही. कबूल?"

"कुठलं गाणं?" चष्मेवाल्यांनी संशयानं विचारलं.

शिडीभाऊंनी वाकल्या वाकल्या सांगितलं. चष्मेवाल्यांचा चेहरा एकदम मवाळ झाला. "ते थांबतं ते? मग हरकत नाही. माणूस त्या गाण्याला सरळच उभा राहिला पाहिजे."

असा तह झाला. शिडीभाऊंनी गुडघ्यांवर हात टेकले आणि कार्यक्रम ऐकायला सुरुवात केली. समोर, मागच्या खिशातला कंगवा दिसेल एवढ्या जवळ, एका माणसाची पँट होती. दुसऱ्या गाण्याला ती पँट नाचली, तिसऱ्याला नाचली नाही. गायकानं काहीतरी विनोद केला, सगळे हसले, पँटही हसून हलली. "कसं वाटतंय?" बायको मधून मधून विचारी. तिला समोरच्यांच्या पाठींपलीकडे काही दिसत नव्हतं, पण ती मोठ्या पडद्याकडे बघून बातम्या देत होती. "आता तो केस उडवतोय. टोप असावा. आता पाणी पितोय. औषध घेतलं वाटतं."

बऱ्याच वेळानं गिटारचे ते तीन सूर आले. शिडीभाऊंच्या अंगावर काटा आला. चष्मेवाल्यांनी मागून पाठीवर थाप मारली, "काका, तुमचं गाणं! व्हा उभे!"

शिडीभाऊंनी गुडघ्यांवरचे हात काढले, अंग वर उचललं आणि कमरेत कुणी खुंटी ठोकावी तसं काहीतरी झालं. पुढे नाही, मागे नाही.

"अगं," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "कंबर धरली."

"आत्ता?"

"आत्ता."

तिकडे गाणं पुढे सरकत होतं. थांबायची जागा फार लांब नव्हती. शिडीभाऊंना समोर त्याच पँटीशिवाय काही दिसत नव्हतं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते कमरेमुळे नव्हतं.

मग त्या काळ्या टी-शर्टांच्या गर्दीत एक चमत्कार झाला. ज्याला कमरेचं दुखणं माहीत नाही असा माणूस आसपास नव्हताच. चष्मेवाल्यांनी टी-शर्ट वर करून स्वतःच्या पोटावरचा कमरपट्टा फर्रकन सोडला. "हा बांधा. माझ्या मणक्यात गॅप आहे." निळ्या केसांच्या मुलीनं पर्समधून बामची डबी काढली. "आईची आहे," ती घाईघाईनं म्हणाली, पण झाकण मात्र सवयीच्या हातानं उघडलं आणि बाम त्यांच्या कमरेला फासला. कुणी म्हणालं श्वास घ्या, कुणी म्हणालं सोडा. समोरची पँट वळली, तिला मिशा होत्या, आणि ती म्हणाली, "डाव्या कुशीवर झोपवा यांना."

"झोपायला आलो का आपण इथे?" बायको कडाडली. "तुम्ही यांचे खांदे धरा. वर उचला. मी मागून ढकलते. हाडांच्या डॉक्टरांना बघितलंय मी."

"करताना बघितलंय?" शिडीभाऊंनी क्षीण आवाजात विचारलं.

"गप्प बसा."

चष्मेवाले पुढे येऊन खांद्याला भिडले. लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याची पाठ बायकोच्या हाताच्या उंचीला आली होती. तिनं कमरेवर दोन्ही मुठी रोवल्या. ड्रम चढत गेला, गिटार किंचाळली आणि सगळं थांबलं.

पन्नास हजार माणसं श्वास धरून उभी होती. खोकला नाही, शिट्टी नाही. आणि बायकोनं ढकललं.

"आई गंऽऽऽ!"

ती आरोळी उठली आणि त्याच क्षणी सगळी वाद्यं एकदम कोसळली.

शिडीभाऊ सरळ झाले होते. पण डोळे घट्ट मिटलेले होते.

"काका!" निळ्या केसांची मुलगी नाचत ओरडली, "तुमच्या आरोळीवर सुरू केलं त्यांनी!"

"मी बघितलंच नाही," शिडीभाऊ रडवेल्या आवाजात म्हणाले. "डोळेच मिटले गं माझे."

गाणं संपलं तसे लोक थांबायलाच तयार होईनात. पाय आपटू लागले, त्या गाण्याचंच नाव घेऊन ओरडू लागले. म्हाताऱ्या गायकानं कपाळावरचा घाम पुसला, मागे वळून काहीतरी विचारलं आणि एक बोट वर केलं. पुन्हा एकदा, शेवटचा तुकडा.

"आता खाली!" बऱ्याच मागून कुणीतरी ओरडलं. "ओ टॉवर!"

"त्यांची पाठ गेलीये!" चष्मेवाले त्याच्यावर खेकसले. "माणसं आहात का कोण आहात!"

ड्रम चढला. गिटार किंचाळली. सगळं थांबलं. शिडीभाऊंनी पापणी हलवली नाही. गायक डोळे मिटून उभा होता, त्याचा पाय हलला नाही. ड्रमवाल्याच्या काठ्या हवेत होत्या आणि तो कुणाकडे तरी बघत होता. शिडीभाऊंनी त्याच्या नजरेमागे नजर नेली. स्टेजच्या कडेला, जिथे दिवा पोचत नव्हता, तिथे जाड तारांची गिटार घेतलेला एक टकला माणूस उभा होता. त्याच्याकडे आजवर कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. घरातला कर्ता माणूस पेपरातून डोकं न काढता "हं" म्हणतो, तेवढीच त्यानं हनुवटी हलवली. आणि सगळं सुरू झालं.

"दिसलं?" बायकोनं त्यांची बाही ओढून विचारलं.

"तिसराच आहे," शिडीभाऊ ओरडले. "तो कडेचा! टकला!"

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही दोघं उगाच भांडलात," ती म्हणाली. पण कानातला एक बोळा तिनं काढला होता.

पुढचं गाणं लागलं. बामाचा झोंबरा वास सगळीकडे भरला होता आणि कंबर शेकल्यासारखी गरम झाली होती. गाणं निम्मं झालं असेल नसेल, शिडीभाऊंना कळलं की खुंटी निघाली आहे. त्यांनी गुपचूप एक इंच वाकून बघितलं. वाकता येत होतं. ते पुन्हा सरळ झाले.

मागून निळ्या केसांच्या मुलीनं हळूच विचारलं, "काका, अजून दुखतंय का?"

शिडीभाऊंनी समोर पाहिलं. अख्खं स्टेज होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"दुखतंय गं," ते म्हणाले. "फार."

बायकोनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. दवाखान्याच्या खिडकीवर रजेच्या दाखल्यासाठी येणारी माणसं ती जशी बघत असे, तसंच बघितलं, चांगलं वरपासून खालपर्यंत. मग ती मागे वळली.

"यांना आता हलवायचं नाही," ती मुलीला आणि चष्मेवाल्यांना म्हणाली. "एकदा वाकले की पुन्हा धरेल."