सह्यांच्या वरची कोरी जागा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून बाहेर पडत नाही – ते मी करून पाहिलं आहे.

मी पुण्यात आर्किटेक्चर शिकवते. जुन्या इमारती आणि त्यांच्या आसऱ्याने जगणारी माणसं, हा माझा विषय. माणसांना विचारल्याशिवाय त्यांच्या वस्तीतली वीटसुद्धा हलवू नये, असं मी दरवर्षी नव्या वर्गाला सांगते. चांगलं सांगते, असं म्हणतात. परदेशी शिक्षणासाठी अर्ज करणारी मुलं माझ्याकडे शिफारसपत्र मागायला येतात, कारण मी स्वतः त्याच वाटेने गेले होते. कशी गेले होते, ते कोणी विचारत नाही.

माझं गाव नांदुरा आणि खामगावच्या मधलं. नाव लिहीत नाही. वडील कोर्टात कारकून होते. गावाच्या कडेला एक जुनी जिनिंग होती – कापसातून सरकी काढायचा कारखाना, बंद पडून बरीच वर्षं झालेला. दगडी कमानींचे रुंद दरवाजे, उंच छप्पर, आणि आत मिरची. हंगामात वीस-बावीस बाया तिथे मांडी घालून लाल मिरचीचे देठ खुडायच्या. व्यापारी पोती आणून टाकायचा, संध्याकाळी उचलायचा. मालकांचे वारस बाहेरगावी राहायचे, त्यामुळे हटकणारं कोणी नव्हतं.

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी मी तीच इमारत घेतली. उन्हाळाभर मापं घेतली. टेपचं दुसरं टोक धरायला कौसाबाई असायची. ती त्या बायांची म्होरकी – पन्नाशीची, सडसडीत, बोलायला फटकळ. मी पहिल्या दिवशी आत गेले तेव्हा ठसका लागून डोळ्यांतून पाणी गाळत बाहेर आले होते. तिने मला हाताला धरून दरवाज्याच्या उजव्या अंगाला बसवलं. "इथं बस व पोरी. वारा तिकडून येते, ठसका मांगं जाते." मी हसले. तेव्हा ते वहीत लिहून घ्यायला हवं होतं, नाही का? नाही लिहिलं.

त्याच सुमारास एका परदेशी विद्यापीठाची शिष्यवृत्ती निघाली. वारसा आणि लोकांच्या पुढाकाराने होणारं नगर-पुनरुज्जीवन, असा तो अभ्यासक्रम. सगळा खर्च त्यांचा. आमच्या कॉलेजातून याआधी कोणी गेलं नव्हतं. अर्जासोबत प्रकल्प द्यायचा होता आणि एक पुरावा – योजना रहिवाशांनी मिळून ठरवली आहे, याचा.

माझी योजना सुंदर होती. पुढच्या दालनात कापसाचं संग्रहालय, कमानींना काचा, बाहेर बसायला कट्टे. मिरचीवाल्या बायांना मागच्या अंगाला नवी शेड. मी बैठक ठेवली. कौसाबाई आदल्या दिवशी दारोदार फिरून सगळ्यांना सांगून आली. "आपली पोरगी हाय, शिकून राह्यली, या." त्या आल्या. हजेरीचा कागद मी सुरुवातीलाच फिरवला. वर फक्त तारीख, मग बरीच जागा कोरी, आणि खाली नावं. बऱ्याच जणींनी अंगठे दिले. कौसाबाईने सही केली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती सही शिकली होती आणि एकेक अक्षर पेन दाबून काढायची. तिची सही सगळ्यांत वर आहे.

मग मी नकाशा पसरला. कौसाबाई वाकून बराच वेळ बघत राहिली.

"यात आमी कोठी हावो?"

"मागे, मावशी. नवी शेड बांधायची."

"मांगं काऊन? मांगं वाराच नाही लागत. समोरून तू काच लावून राह्यली. मंग ठसका जाईन कोठी? आमच्या छातीत?"

बाकीच्या बायाही बोलायला लागल्या. त्यांच्या आया त्याच दालनात कापूस निवडायच्या. वारा आरपार जाऊन रुईचा धुरळा बाहेर पडावा म्हणून ते दरवाजे तसे ठेवलेले होते. मला हे ठाऊक नव्हतं. पाच वर्षं आर्किटेक्चर शिकून मला हे दिसलं नव्हतं. त्या सरळ नाही म्हणाल्या. चहा प्यायल्या आणि पोत्यांकडे परत गेल्या.

नकाशा बदलता आला असता. अर्ज पाठवायला चार दिवस होते. त्यांचं ऐकलं असतं तर योजना अधिक खरी झाली असती – हे मला तेव्हाही कळत होतं, नंतर सुचलेलं शहाणपण नाही हे. पण त्यात संग्रहालय मागे गेलं असतं, काचा गेल्या असत्या, ते देखणं चित्र गेलं असतं. आणि खरं सांगू? मला राग आला होता. देठ खुडणाऱ्या बाया मला इमारत शिकवतात?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि हजेरीच्या त्या कागदावर, कोऱ्या जागेत, दोन ओळी छापून घेतल्या. "आम्ही खाली सह्या करणाऱ्या महिला ही योजना एकमताने मान्य करतो आणि मागील बाजूस स्थलांतर करण्यास तयार आहोत." प्रिंटरमधून कागद बाहेर आला तेव्हा ओळी किंचित तिरक्या आल्या होत्या. मला फक्त त्याचीच काळजी वाटली.

मुलाखतीत त्यांनी विचारलं, कोणी विरोध केला का? मी म्हटलं, नाही. शिष्यवृत्ती मिळाली. पेपरात फोटो आला. कौसाबाईने नारळ आणून माझ्या ओटीत घातला.

इथे थांबलं असतं, तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. पण मी तिकडे असताना मालकांच्या वारसांचा मेल आला. त्यांना इमारतीचं काही करायचं होतं, माझी फाइल मिळेल का? मी पाठवली. पूर्ण पाठवली. तो कागद आत आहे हे मला माहीत होतं. काढून टाकला तर योजना अर्धवट दिसेल, असं वाटलं – एवढंच.

संग्रहालय झालं नाही. मंगल कार्यालय झालं. कमानींना काचा मात्र बसल्या. बायांना मागे पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. त्या भांडायला गेल्या तेव्हा कार्यालयाच्या मॅनेजरने कागद पुढे केला – तुमच्याच तर सह्या आहेत. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं. सगळ्यांत वर कौसाबाईची सही. दारोदार फिरून बोलावणारीही तीच. तिने आपल्याला विकलं, असं बायांनी ठरवून टाकलं. काय घेऊन विकलं, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. तरी ठरलं. तिच्या शेजारी कोणी बसेना.

मी सुट्टीत घरी आले होते तेव्हा ती आमच्याकडे आली. हातात त्या कागदाची झेरॉक्स, घडी घालून घालून फाटायला आलेली. आईने चहा दिला. तो तिने घेतला नाही.

"पोरी, सही माहीच हाय. पण हे वरचं कोणं लिवलं?"

मी कागद हातात घेतला. जणू पहिल्यांदाच बघते आहे असा वाचला. "मला नाही माहीत मावशी. त्यांच्या ऑफिसात कोणी लिहिलं असेल."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. तिला तेच हवं होतं. "मंग तू चाल माह्यासंग. बायांले एवढंच सांग, का सही केली तवा कागद कोरा होता. तुह्यं आयकतीन त्या."

उद्या सकाळी येते, म्हटलं. सकाळी वडिलांनी मला नांदुऱ्याला गाडीवर सोडलं. माझ्या परतीच्या विमानाला अजून सहा दिवस होते.

मागच्या शेडमध्ये त्या बाया दोन हंगाम टिकल्या. मग खोकल्यामुळे एकेकीने काम सोडलं. कौसाबाई त्याआधीच गाव सोडून बुलडाण्याजवळच्या धाड गावी लेकीकडे निघून गेली होती.

यंदा वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, लोकांनी नाहीच म्हटलं तर?" मी उत्तर दिलं. चांगलं उत्तर दिलं. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये जाऊन रजेचा अर्ज लिहिला. त्याच आठवड्यात मी बुलडाण्याला गेले, तिथून एसटीने धाडला. ठरवून गेले होते. वाक्यं मनात घोकली होती.

बाजाराचा दिवस होता. ती लेकीच्या भाजीच्या दुकानावर बसली होती. खूप वाळलेली. मला पाहताच ओळखलं. उठून माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलांवर बोटं मोडली. शेजारच्या बाईला म्हणाली, "हे आमच्या गावची पोरगी. विमानानं गेलती शिकाले." मला गोणपाटावर बसवलं, सोललेली शेंग हातात दिली. मग आवाज खाली करून विचारलं.

"तुले कधी पत्ता लागला का व, ते कोणं लिवलं होतं?"

तिला राग नव्हता. अकरा वर्षं ती तेच धरून बसली होती, आणि विचारायला तिला माझ्यापेक्षा भरवशाचं माणूस मिळालं नव्हतं.

मी म्हटलं, "नाही, मावशी."

तिने मान हलवली आणि गिऱ्हाईकाला मेथीची जुडी बांधून दिली. मी अर्धा तास बसले. मग बुलडाण्याची बस लागली, आणि मी जाऊन तिच्यात बसले.