बारा जणांतून नऊ

जयपूरला बदली झाली तेव्हा मला वाटलं होतं, इथे आपली परीक्षा हिंदी घेईल. घेतली गणिताने.

मुलगी अकरावीत होती. सहामाहीनंतर शाळेतून बोलावणं आलं. मुरलीपुऱ्यातून स्कूटीवर निघताना ती मागून एवढंच म्हणाली, "आई, सही नको करू ना. मला मॅथ्सच करायचंय."

गणिताच्या सरांनी विषय बदलायचा फॉर्म आधीच भरून ठेवला होता. फक्त पालकांची सही बाकी.

"बच्ची का दिमाग मॅथ्सवाला नहीं है, मॅडम. आर्ट्स में खुश रहेगी."

मी पेपर मागितला. उत्तरं बरीच बरोबर होती, पण सूत्र कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून मार्कही कुठेच नव्हते.

"जवाब तो सही है," मी म्हटलं.

"तुक्का है." सरांनी फळ्यावर सूत्र मांडलं. बारा जणांतून नऊ निवडायचे, तर वर बारा फॅक्टोरियल, खाली नऊ फॅक्टोरियल गुणिले तीन फॅक्टोरियल. "फॉर्म्युला लिखो तो इतना आसान है. आप भी कर लेंगी."

विमा कंपनीत वीस वर्षं काढलेल्या बाईला असं काही म्हणू नये. मी खडू घेतला. फॅक्टोरियल म्हणजे त्या आकड्यापासून एकपर्यंतचा गुणाकार, इतकं कॉलेजातलं आठवत होतं. तो छाटायचा कसा, ते नव्हतं. बाराला आणि नवाला तीनने भाग जातो, तर दिला. चार फॅक्टोरियल भागिले तीन फॅक्टोरियल, म्हणजे चार. खालचे तीन फॅक्टोरियल म्हणजे सहा. चार भागिले सहा. उत्तर, दोन तृतीयांश.

बारा माणसांतून नऊ निवडायचा एक अख्खा मार्गसुद्धा मला सापडला नव्हता. सर खिडकीबाहेर बघत होते, सभ्य माणूस.

"आई, तसं कटत नाही ते," मुलगी पुढे आली. "नवापासून एकपर्यंत वरखाली सेमच आहे, ते गेलं. वर राहिले बारा, अकरा, दहा. भागिले सहा. दोनशे वीस. आणि मतलब, एवढं पण कशाला? नऊ जणांना घ्यायचं म्हणजे तिघांना बाहेर ठेवायचं. कोण राहणार तेवढंच मोजायचं."

मला ते समजलं. आयुष्यात पहिल्यांदा समजलं, आणि समजावणारी ती होती जिला समजत नाही असं ठरलं होतं.

"तुक्का ऐसा होता है क्या, सरजी?"

"बोर्ड में स्टेप के नंबर होते हैं, मॅडम."

"तो स्टेप लिखना सिखाइए. हमारी बेटी सीखेगी."

मी फॉर्मवर सहीच्या जागी 'असहमत' लिहिलं आणि त्याखाली सही ठोकली, ऑफिसात ठोकते तशी, तारखेसकट.

सरांनी कागद उलटसुलट पाहिला. "फेल हो गई तो?"

"तो मॅथ्स में ही होगी," मी म्हटलं आणि हातावरचा खडू झटकला. तो त्यांच्या रजिस्टरवर पडला, त्याला माझा इलाज नव्हता.