उणे दोन सेकंद

गच्चीवरून वर फेकलेला चेंडू जमिनीवर कधी पोचेल, हे गणित मी फळ्यावर सोडवत होतो. वेळेची दोन उत्तरं आली, चार सेकंद आणि उणे दोन. सवयीप्रमाणे मी उणे दोनवर काट मारली. वेळ उणे नसते, असं आम्ही शिक्षक म्हणतो आणि पुढे जातो.

"सर, मग ते उत्तर येतं तरी कशाला?" मृण्मयीने विचारलं. आई गेल्यानंतर ती आज पहिल्यांदाच क्लासला आली होती.

"चेंडू गच्चीवरून न फेकता, खालूनच याच वाटेने वर आला असता, तर जमिनीवरून केव्हा निघाला असता, ते सांगतं."

"म्हणजे आधीचंही समीकरणात असतं?"

"असतं. आपल्याला लागत नाही, एवढंच."

तिची नजर फळ्यावर त्या उणे दोनवरच राहिली. आमची सगळी गणितं चेंडू हातातून सुटल्यावर सुरू होतात. तो हात कोणाचा होता, हे एकही गणित विचारत नाही.

मी डस्टर उचलून ती काट पुसली. तिच्याबरोबर आकडाही पुसला गेला. तो मी पुन्हा, सावकाश लिहिला.