कोकिळाचे डोळे माह्या घरी

कोकिळा गेली त्या दिवशी सकाळी तिनं आरसा मागतला. माही मोठी बहीण थे, हिंगणघाटले देली होती. मोतीझिऱ्याच्या तापानं पार वाळून गेलती. मी आष्टीहून माह्या पोरीले, पमीले घेऊन गेलती. कोकिळाचे तिन्ही लेकरं बाजेपाशीच उभे होते, पण तिनं पमीलेच जवळ बसवलं अन आरशात दोघीचे तोंडं पाह्यत राह्यली. चारी डोळे घारे. मंग मले म्हणे, "तानी, हे पोरगी माह्या घरी राहू दे."

मी म्हणलं, "नाई."

आता कोणी विचारलं तरी नाईच म्हणन. दिवस बुडता बुडता थे गेली.

लहानपणी आमच्या घरात घारे डोळे दोघीचेच, भागीरथा आजीचे अन कोकिळाचे. म्हून आजी तिले मांडीवर घे अन मले पाणी आणाले धाडे. मोठी झाली तं काजळ लावाले ओसरीत बसे, आतमंदी नाई. रस्त्यानं जाणारानं पाह्यलं पाहिजे न. मनाची खोटी नव्हती. दर दिवाळीले माह्यासाठी लुगडं आणे, पण त्याचा काठ तिच्या लुगड्याहून बोटभर कमीच राहे.

आत्याच्या हरिदासले कोकिळाच द्याची ठरली होती. भावाच्या पोरीवर आत्याचा हक्कच असते. पण तिचे डोळे पाहून हिंगणघाटच्या रूपरावाचं मागणं आलं, गिरणीत पक्की नोकरी होती त्याले. मंग आत्यानं मले नेलं. तिचं उरलेलं मले भेटे, तसाच नवराबी भेटला.

तिले तीन लेकरं झाले, तिन्ही काळ्या डोळ्याचे. मंग मले पमी झाली. मी काळ्या डोळ्याची, हरिदास काळ्या डोळ्याचा, अन पोरगी घारी. कोकिळा पाहाले आली, पाळण्यात वाकली, अन तिचं तोंडच उतरलं. मी तिकडं तोंड करून हासली.

तिचा दीर ओमप्रकाश नागपूरले शेतकी कॉलेजात शिके. एका संक्रांतीले आम्ही सारे तिच्या घरी होतो, तवा तिनंच त्याले विचारलं का असं काऊन झालं. त्यानं परातीतले काळे-पांढरे तीळ उचलले. म्हणे, हरेक माणसात डोळ्याचे दोन दाणे असते, एक मायचा, एक बापाचा. एकबी काळा असला का डोळे काळेच, पांढरा त्याच्या मांगं लपून राह्यते. दोनी पांढरे आले तरच घारे. कोकिळाले दोन पांढरे भेटले. माह्यात एक लपला होता, हरिदासमंदीबी एक, दोघाले एकाच आजीकडून आलेला. पमीत थे दोन एका जागी आले.

"मंग माह्या लेकराईत गेलेच नाई काय?" कोकिळानं विचारलं.

"गेले न वहिनी. तिघातबी एकएक हाये. पण आमच्या घरून काळेच आले, त्याईच्या मांगं लपले."

"लपलेल्याचं काय लोणचं घालू?"

थो हासला, अन हासता हासता म्हणे, "हरिदासभाऊले देली असती तं निम्मे तरी घारे निंघाले असते."

कोकिळानं हरिदासकडं पाह्यलं. लय नाई, हातावर तिळगूळ ठेवाले लागते तेवढंच. पण मले दिसलं.

तवापासून आष्टीले माह्या घरी आली का पमीचा हात धरून बाजारात जाये. पोरगी तुमचीच काय, असं कोणी विचारलं का हो म्हणे. इकडं मी घरी भाकरी थापत बसो. पमी बांगड्या वाजवत घरी ये अन मावशीच्याच गोष्टी सांगे. माह्या आंगाची आग होये.

तेरवी झाल्यावर आष्टीच्या बाजारात मावशी जिथं तिले बांगड्या भरे त्याच कासारापाशी पमी मले ओढत घेऊन गेली. थो परगावचा, त्यानं मले कधी पाह्यलंच नव्हतं. म्हणे, हिची माय नाई आली काय. मी म्हणलं, थे वारली. पमीच्या हातात बांगड्या भरता भरता त्यानं दोन जास्तीच्या भरल्या, बिनमायची पोर म्हून. त्याचे पैसे नोको म्हणे.

मी तोंड उघडणार तं पमीच म्हणे, "माय तं हे उभी हाये." अन तिनं बांगड्याच्या हातानं माहा पदर धरला.

कासार माह्याकडं पाहे, पमीच्या डोळ्याकडं पाहे. मंग हळूच म्हणे, "या दोन काढू काय मंग?"

मी म्हणलं, "राहू दे."