कड वाळेपर्यंत

लंडनमधल्या हॅरोत माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात लाकडाचा भुसा मी रोज संध्याकाळी झाडून काढतो. किस्से तेवढे साचत जातात. काम सांगायला सोपं आहे. क्लॅरिनेटच्या भोकाची कड सपाट हवी. तिचा टवका उडाला की भोक झाकणारं वरचं पॅड नीट बसत नाही, हवा गळते, सूर चिरकतो. हे मला कुणी शिकवलं नाही; कार बूट सेलमधली, म्हणजे जुन्या बाजारातली, चार क्लॅरिनेटं वाया घालवून शिकलो. गिऱ्हाइकं मात्र सगळी जन्मतःच शिकून आलेली!

*

एका म्युझिक टीचरनं गळकी कड च्युइंगगमनं लिंपून आणली. मंगळवारपर्यंत छान वाजत होतं, म्हणाली. मंगळवारी काय झालं, असं मी विचारलं.

"शाळेत हीटिंग सुरू झालं."

*

स्लाऊच्या देशपांडेकाकांचा एक सूर जरा खाली लागायचा. व्हिडिओ बघून त्यांनी भोक कानशीनं मोठं केलं. सूर वर आला, काकांना हुरूप आला, कानस काही थांबेना. मग पँट आल्टर करायला टाकावी तसं माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "थोडं बारीक करून दे रे."

*

आणि डॉक्टर साने. हाडांचे सर्जन, आता रिटायर्ड. वडिलांचं क्लॅरिनेट घेऊन आले. शनिवारी नातीच्या लग्नात वाजवायचं होतं. कडेचा मोठा टवका उडालेला. मी लाकडाची पूड आणि एपॉक्सी गोंद भरून चोवीस तास वाळत ठेवलं.

बुधवारी सकाळी आठला डॉक्टर राउंडला हजर! मी चहा ओतायला वळलो, तेवढ्यात यांनी ओल्या भरावावर अंगठा दाबला. "जुळलंय का पाहत होतो," म्हणाले. ठसा उमटला. खरवडून पुन्हा भरलं. गुरुवारी पुन्हा अंगठा!

माझं डोकं फिरलं. "डॉक्टर, तुमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नातेवाईक येत होते का हो?"

ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. तिसऱ्यांदा भरून, हात पुसत मी दारात आलो, तर उठून उभे राहिले.

"अहो, वाजेल ना ते?"

माझ्याही तोंडून निघून गेलं, "चोवीस तास जाऊ द्या. आत्ताच काही सांगता येत नाही."

शुक्रवारी कड घासून सपाट केली, पॅड बसवलं, फुंकलं. सूर स्वच्छ. काचेबाहेर डॉक्टर उभेच होते. आत या म्हणालो, तरी उंबऱ्याशी थांबले.

"आता हात लावला तर चालेल?"