ताचिवाची शपथ आणि बोआहेनची जीभ

बोआहेनने सोनेरी मुठीची काठी उचलली आणि मनातल्या मनात कपाळाला हात लावला. भर सभेत समोर पुन्हा ताचिवा उभी होती, आणि तिच्या मागे दोरीला बांधलेलं मेंढरू.

नदीचं नाव घेऊन शपथ उच्चारली की प्रकरण नानांपुढे, गावच्या प्रमुखांपुढे, यायलाच हवं. म्हणून शहाणी माणसं ते नाव तोंडी आणत नसत. ताचिवा मात्र रश्शात मिरची टाकावी तशी शपथ टाकायची. केळी नासकी निघाली, शपथ. जावयाने हाक दिली नाही, शपथ. मग मेंढरू आणून ती सोडवून घ्यायची, आणि ते काम बोआहेनच्या गळ्यात. नानांशी कुणी थेट बोलत नाही. ज्याचं त्याचं म्हणणं नीटनेटकं करून पुढे ठेवायचं, ही त्याची आयुष्यभराची चाकरी.

आजची शपथ जुनी होती. आईच्या अंत्यविधीत कापडाच्या वाटणीवरून ताचिवा थोरल्या बहिणीला, फ्रेमाला, म्हणाली होती, "तुझ्या घरचं पाणी पिणार नाही!" तेव्हा सगळ्यांनी समजावलं, पण तिने ती एकच शपथ कधी सोडवली नाही. आता फ्रेमा अंथरुणाला खिळली होती. आणि आल्यागेल्याला आधी पाणी, मग बोलणं, ही तर घराघरातली रीत. पाणी नाकारून बहिणीच्या उशाशी बसणार कशी?

"मावशी, शब्द मागे घेतेस ना?" बोआहेनने विचारलं.

"का घेऊ? कापड तिनेच लपवलं होतं."

"मग मेंढरू कशाला आणलंस? फिरायला?"

सभा हसली.

"मला तिला भेटायचंय. ती जेवत नाही म्हणे."

"अगं, मग म्हण ना, चुकले!"

"चुकले नाही, तर चुकले कसं म्हणू? खोटं बोलले तर नदी ऐकते."

"इतकी वर्षं नदीचे कान किटवलेस, तेव्हा नाही आठवलं?" बोआहेनचा आवाज चढला. "पाळायची नाही, सोडायची नाही, मोडायचीही नाही! मी करू तरी काय?"

ताचिवा दोरीशी चाळा करत राहिली. मग पुटपुटली, "ती गेली तर मी भांडू कुणाशी?"

बोआहेनने खोल श्वास घेतला, नानांकडे वळला आणि काठी टेकवली. "नाना, ही म्हणते, हिला शब्दापेक्षा बहीण हवी आहे. शब्द सोडते."

"मी असं कुठे..." ताचिवाने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"आम्ही ऐकलं," नाना म्हणाले.

शपथ सोडवायला नदीच्या नावाने अंडी फोडली गेली, जिनची दारू जमिनीवर ओतली गेली, मेंढरू कापलं गेलं. शपथ सुटल्याचा साक्षीदार म्हणून बोआहेनला तिच्यासोबत जावंच लागलं. फ्रेमाने उशीला टेकून पाणी पुढे केलं. ताचिवाने ते एका दमात संपवलं, भांडं परत पुढे केलं.

"अजून दे. आणि ते कापड कुठे आहे?"

"पेटीत. मेल्यावर ने," फ्रेमा म्हणाली.

दारात उभ्या बोआहेनकडे ताचिवाने वळून पाहिलं. "तू अजून इथेच? मटणाची वाटणी संपेल तिकडे. जा ना!"